उतारावरचा तास

कवठे येमाई,
८ जुलै २०२४

ती. खंडूमामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून कागद. सातवीला ‘गती, बल व कार्य’ घेतलंय. पोरं व्याख्या घडाघडा म्हणतात, पण गाडा का थांबतो विचारलं की छताकडं बघतात. एकोणीसला साहेब माझा तास बघायला येणार. शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपली. तास पसंत पडला तर कायम, नाहीतर घरी.

शाळेसमोर उतार आहे, पाण्याच्या पिंपाचा हातगाडा आहे. रेल्वेच्या यार्डात डब्याच्या चाकाखाली लावायचा तुमचा तो लाकडी ठोकळा पाठवाल का? मामींना जयभीम. लोभ आहे तो राहू द्या.

तुमची,
राजश्री


दौंड,
१२ जुलै

चि. राजश्रीस,
अनेक आशीर्वाद.

ठोकळा धाडलाय. तुझी मामी म्हनली, पोरीला साडी धाडायची सोडून लाकूड काय धाडताय. ल्हानपनी सायकलवरनं पडलीस तवा उठून दगडाला मारलं हुतंस, आन् आता तू बल शिकवनार! शिकीव बाई.

पन एक ध्यानात ठेव. उतारावर उभी गाडी उभी नसती, जमीन तिला खाली वढतच असती. आधी ठोकळा, मंग हात सोडायचा. यार्डातला माझा जोडीदार हौसराव, त्यानं त्या दिशी ठोकळा लावला न्हाई, माझा पाय गेला. चौकशीत त्यो म्हनला, खंडूनंच काढला. मी दवाखान्यात बेसुद्ध. त्याला बढती, मला कुबडी. चाकाफुडं पोरं उभी करू नगं. माया हाय, ती तशीच ऱ्हाईल.

तुझा मामा,
खंडू


कवठे येमाई,
५ ऑगस्ट

ती. मामा यांस,
सविनय जयभीम.

मी कायम झाले. पुढचं फक्त तुम्हालाच सांगते.

आपल्याच वस्तीतल्या ताईबाईची गौतमी, तिला मी खडू देऊन चाकापुढं बसवलं, चाकाची खूण करायला. साहेबांच्या तोंडाकडं बघत पोरांना हात सोडायला सांगितलं. ठोकळा माझ्या पर्समध्येच होता. भरला गाडा तिच्या पायावरून गेला.

मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की गौतमीनं ठोकळा काढला. साहेबांनी माझ्या शेऱ्यात प्रसंगावधान लिहिलं. सरांनी पोरीला प्लास्टरसकट परिपाठाला उभी करून माफी मागायला लावली. ताईबाई माझ्या पाया पडली, पोरीला शाळेतनं काढू नका म्हणाली. मी तिला उठवलं आणि माफ केलं म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मामा. पण तीन वर्षं पाण्यात घालवू का? कुणाला बोलू नका. एवढी माया करा.

तुमची,
राजश्री


दौंड,
१४ ऑगस्ट

राजश्री,

काल एस्टीनं कवठ्याला येऊन गेलो. तुझ्याकडं आलो न्हाई, तुझं तोंड बघायचं नव्हतं.

गौतमीला सांगितलं, ठोकळा बाईंच्या पर्समधी हुता. पोरगी हसली. म्हनली, तसं कसं आबा, बाईंनीच शिकवलंय की बाहेरनं बल लावल्याबिगर थांबलेली वस्तू हलत न्हाई. जवळ तर मीच हुते, म्हंजी मीच काढला आसंल, मला आठवत न्हाई एवढंच. ताईबाईनं तर मला हाकललंच, देवमानूस बाईंचं नाव खराब करू नका म्हनली.

माझं कोन ऐकत न्हाई. ती फक्त तुझं ऐकती. मंगळवारी वर्गात जा, ठोकळा दाखीव, उतार शिकीव. हौसरावनं माझा पाय नेला, पन मीच चुकलो असं मी माझ्या मनाला कधी पटू दिलं न्हाई. तू त्याच्याबी वर गेलीस. आशीर्वाद मंगळवारनंतर.

खंडू


कवठे येमाई,
२३ ऑगस्ट

ती. मामा यांस,
सविनय जयभीम.

मंगळवारी ठोकळा घेऊन वर्गात गेले. सर्जेराव सर मागच्या बाकावर येऊन बसले होते. उताराचा भाग घटक चाचणीला नाही, म्हणून पुढचा धडा काढला. ठोकळा आज पार्सलनं पाठवला आहे, मिळाल्याचं कळवा.

तास संपता संपता गौतमीनं हात वर केला. विचारलं की बाई, कुणी हात न लावता उतारावरनं गाडा सुटतो का. सर बघत होते. मी म्हणाले, नाही. तिनं मान हलवली आणि ते वहीत उतरवून घेतलं.

मामींना जयभीम. लोभ असू द्या.

तुमची,
राजश्री