सोमवारचा आकडा

मी, टिचकीची आई, वय एकोणतीस, शिक्षण सातवी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. दडपण आहे, पण ते उद्याच्या ऑपरेशनचं. हृदयाची झडप बदलणार आहेत. अक्षर वाकडं आहे, डोकं ठिकाणावर आहे. मी परत आले तर हा कागद फाडायचा.

१. शिलाई मशीन माझ्या बहिणीला. कात्री तिने स्वतःची घ्यावी, माझी तिनेच नेऊन हरवली.

२. मोठी परात जाऊबाईंना देऊ नये. कारण त्यांना माहीत आहे.

३. सरांच्या अकरा वह्या. सर कॉलेजात शिकवायचे, मी आठ वर्षं त्यांच्या घरी कामाला होते. जाताना त्यांनी वह्या माझ्या नावावर केल्या. जाऊबाई म्हणतात, "म्हाताऱ्याची रद्दी उराशी धरून बसलीय." ही रद्दी नाही. पाणी उकळायच्या जरा आधी गप्प होतं, त्या गप्प होण्याचं गणित आहे, असं सर म्हणायचे. मी म्हटलं, "मला विचारायचं ना, मी रोज चहा करते." ते खूप हसले.

वह्या कॉलेजच्या साहेबांना देऊ नयेत. सरांचं गणित वापरून ते विभागप्रमुख झाले आणि आपल्या लेखात सरांचं नाव घातलं नाही. वह्या सरांच्या चष्मेवाल्या विद्यार्थिनीला द्याव्यात. तिने नाव घातलं.

४. आता एक गोष्ट कबूल करते, कारण ती पोटात घेऊन भूल घ्यायला भीती वाटते.

दुसऱ्या कुणी आपल्या लेखात सरांच्या लेखाचं नाव घेतलं की कॉम्प्युटरवर आकडा एकाने वाढतो. सरांची नजर गेली तेव्हा तो वाचायचं काम माझ्याकडे आलं. दर सोमवारी विचारायचे, "किती?" मी सांगायची, "एक्केचाळीस." वर्षभर एक्केचाळीसच. एकतीस वर्षं शिकवलं, एकोणीस लेख लिहिले, आणि एवढेच. मग त्यांनी वही उघडणं सोडलं, जेवण सोडलं. एका सोमवारी माझ्या तोंडून निघालं, "त्रेचाळीस." त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पुढे मी वाढवतच गेले. अकरावी वही त्यांनी त्या आकड्यांच्या जोरावरच लिहिली, जाड पेनाने, एका पानावर दोन ओळी.

एका सोमवारी वीज गेलेली. मी सवयीने म्हटलं, "एकशे बारा."

सर म्हणाले, "पंख्याचा आवाज नाही. मग कॉम्प्युटर कशावर चालतोय?"

मग चाचपून त्यांनी वही पुढे ओढली आणि म्हणाले, "मागच्या सोमवारी एकशे नऊ होते. वाढतायत म्हणायचे. पेन दे." कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही. दीड महिन्याने ते गेले.

विद्यार्थिनीने परवा खरा आकडा सांगितला, सत्तेचाळीस. अकरावी वही वाचून तिने नवा लेख लिहायला घेतलाय. हे सगळं तिला सांगावं. रागावली तर रागावू दे.

५. सरांनी दिलेला कॉम्प्युटर टिचकीला. तिचा सांभाळ तिचे बाबा करतील, ते करतात, सांगायला नको. फक्त तिला "आई लांब गेलीय, येईल" असं सांगू नये. ती सहा वर्षांची आहे, रोज दारात जाऊन बसेल. जे झालं ते त्याच दिवशी, मांडीवर घेऊन सांगावं.

६. डॉक्टर म्हणाले, "शंभरातले अठ्ठ्याण्णव बरे होतात." ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी ओळखते. त्याच आवाजात मी दर सोमवारी बोलायची. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या आधी मी नर्सताईंना विचारलं, "बाकीच्यांचं नको, माझं सांगा."

त्या म्हणाल्या, "कशाला जीवाला घोर लावून घेतेस?"

"घोर लागलेलाच आहे. आकडा सांगा."

त्या फाइल घेऊन डॉक्टरांकडे गेल्या, परत येऊन कॉटवर बसल्या. म्हणाल्या, "तुझं हृदय थकलेलं आहे. ऐंशी."

ऐंशी. यात मी एकही वाढवलेला नाही.

लिहून देणार: टिचकीची आई (सही)
साक्षीदार: १. नर्सताई (सही) २. शेजारच्या कॉटवरच्या आजी (अंगठा)
ठिकाण: बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची कॉट
तारीख: अकरा, सोमवार