महागडा चेंडू आणि व्याह्यांची पैज

३ मार्च, मंगळवार

पुन्हा तोच प्रश्न! "बाई, महागडा चेंडू घेतला तर लांब जाईल ना?" दोन दिवसांत हा चौथा माणूस. मी गोल्फ शिकवते की चेंडूंची चौकशी-खिडकी चालवते, कळेनासं झालंय. कंबर ठणकतेय.

आजचे विचारणारे घड्याळकाका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता दुकान विकून माझ्याकडे शिकायला येतात. हातात क्लबच्या दुकानातला सगळ्यात महाग डबा. त्यातल्या एका चेंडूच्या किमतीत साधे चार येतील. पंधरा तारखेला व्याह्यांशी सामना आहे म्हणे, आणि व्याही हाच चेंडू वापरतात.

"काका, डबा फोडू नका. आधी बघू," म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

बघितलं. माझ्याकडचे पंधरा महाग, पंधरा साधे — सगळ्यांवरची नावं काळ्या शाईने झाकली, मला कळेल एवढीच खूण ठेवली. काकांनी जीव खाऊन मारले. मी पावलांनी अंतर मोजत हिंडले, तीस वेळा! दोन्ही सारखेच. दीडशे पावलं, थोडं इकडेतिकडे. "हा बघा, हा महागातला!" असं काका ज्यांना म्हणाले त्यातले निम्मे साधे निघाले.

फरक आहे, वहीत तरी खोटं कशाला लिहू? महागड्याचं कवच मऊ असतं. झेंड्याजवळून अलगद उचलून मारला तर पडल्यावर दोन-तीन पावलांत थांबतो. साधा सात-आठ पावलं घरंगळतो. पण त्यासाठी फटका स्वच्छ बसायला हवा. काकांचे दहातले नऊ जमीन खरवडत जातात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

सांगून टाकलं — "तुम्हाला उपयोग नाही. डबा परत करा. त्या पैशांत माझ्याकडे चार तास जास्त शिका."

"म्हणजे त्यांचं दुकान बंद, तुमचं चालू!" काका हसले. पण गेले, परत करून आले.

६ मार्च

क्लबच्या मालकांना कळलंच. "तुम्ही शिकवा, विकायचं आम्ही बघतो." शनिवारचा वर्ग काढून दुसऱ्याला दिला. वाद घालायचंही त्राण नव्हतं. बरं म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

आज काकांचे फटके अगदीच वाईट. विचारलं तर बाकावर बसले आणि बोलले. त्यांची मुलगी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. दोन मुलं झाली, काम सुटलं. आता परत जायचं म्हणते, तर सासरे नाही म्हणतात. मागच्या महिन्यात सगळे जेवायला बसले असताना व्याही म्हणाले, "मला गोल्फमध्ये हरवा, मग पाठवतो सुनेला कामावर!"

"सगळे हसले हो बाई. ती तेवढी ताटाकडे बघत बसली."

आधी का नाही सांगितलंत, असं तोंडावर आलं होतं. सांगितलं असतं तर मी दुसरं काय बोलले असते?

११ मार्च

तासभर जास्त शिकवलं. पैसे घेतले नाहीत. कंबर गेली.

१५ मार्च, रविवार

शेवटच्या झेंड्यापाशी जाऊन उभी राहिले. तोवर दोघे बरोबरीत! काका तीस पावलांवर. दोन फटक्यांत झेंड्याखालच्या भोकात घातला तर सामना त्यांचा.

आणि त्यांनी मारला. स्वच्छ! इतके महिने शिकवतेय, असा फटका त्यांच्या हातून कधी निघाला नव्हता. चेंडू उंच गेला, झेंड्याशेजारी पडला — आणि थांबेना. घरंगळला, घरंगळला, पलीकडच्या उतारावरून थेट वाळूच्या खड्ड्यात.

एका फटक्याने हरले.

व्याही ओरडले, "काय हो, स्वस्तातला का?" काका टोपी काढून माझ्याकडे आले. "बाई, फटका कसा होता?"

"उत्तम होता, काका."

"मग झालं."

एक शब्द दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च

काका आले नाहीत. दिवसभरात दोघांनी विचारलं, कुठला चेंडू घेऊ. दुकानात विचारा म्हटलं.

१८ मार्च, बुधवार

काकांची मुलगी आली होती. अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट! दोन तारखेपासून कामावर जातेय. सासऱ्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. दोन दिवसांनी ते म्हणाले, "जा. पण सामना होईपर्यंत तुझ्या वडिलांना सांगू नकोस. पैज नसेल तर ते कशाला येतील माझ्याशी खेळायला? माझ्याबरोबर दुसरं कोण खेळतं?"

सामन्यानंतर सांगायचं ठरलं होतं. पण काका तीन दिवस नीट जेवलेले नाहीत, आणि आता तिची जीभ रेटत नाही.

"बाई, तुम्ही सांगाल का? तुमचं ते ऐकतात."