निळीची सुई

३ नोव्हेंबर, सोमवार

आधी सगळ्यांची तब्येत, मग बाकी. बायकोचा, रंभाचा गुडघा — सकाळी कुरकुरतो, दुपारपर्यंत बरा. पुतण्या प्रितम — कालचं मटण अंगावर आलंय, सोडा पीत हिंडतोय. नवा मेकॅनिक हरेश — ठणठणीत, जीभ तर त्याहून ठणठणीत. शेडमधल्या तीन लाल गाड्या उत्तम. कॉम्प्युटरवाल्या आहेत, त्यांना माझी गरज नाही. निळी आजारी.

निळी म्हणजे प्रितमच्या ट्रॅकवरची एकुलती टू-स्ट्रोक. पळस्प्याच्या पुढे आमची भातशेती होती, तिथे त्याने मातीचे उंचवटे रचलेत, आणि शनिवार-रविवारी खारघरची मंडळी या एटीव्हींवर — चार जाड चाकांच्या मोटारसायकलीच म्हणायच्या — बसून हौसेने धूळ खातात. निळी चालू होते, पण रेस दिली की गुदमरते, ढगभर धूर सोडते आणि विझते. प्लग काढून बघितला. काळाकुट्ट, ओला. पेट्रोल जास्त जातंय.

माझी तब्येत? ती फक्त या वहीत. पाच वर्षांपूर्वी तापात नाक गेलं, ते गेलंच. मोगरा नाही, सुकट नाही, पेट्रोल नाही. पनवेलमध्ये मला ‘नाक’ म्हणायचे! रिक्षा दारात उभी राहायच्या आत धुराच्या वासावरून सांगायचो — ऑइल जास्त, हवा कमी. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं या नाकाने शिकवलं. आता बोटावर थेंब घेतो. पेट्रोल गार लागतं आणि उडून जातं, ऑइल मागे राहतं. एवढ्यावर पाच वर्षं ढकलली. रंभालाही बोललो नाही. हे बाहेर कळलं तर शेडमध्ये माझं उरलं काय?

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्बोरेटर उघडला. हल्लीच्या पेट्रोलने आत डिंकासारखा थर बसलेला. तो साफ केला, पण रोग तो नव्हे. रोग सुईत आहे. वाटीत पेट्रोल पुरेसं आलं की ही सुई वर जाऊन दार लावते. तिच्या टोकाला घासून रिंगण पडलंय. दार नीट लागतच नाही — वाटी भरून वाहते, इंजिनाला नको तेवढं पेट्रोल पाजते.

जुनी परदेशी गाडी, सुई इथे कुठली मिळायला! पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला. आठ-दहा दिवस म्हणाला.

सवयीने प्लग नाकाशी धरला होता. हरेश बघत होता. शोरूममध्ये दहा वर्षं काढलेला गडी, बेलपाड्याचा, प्रितमने दोन महिन्यांपूर्वी आणला. म्हणतो, “काय बोलतोय प्लग, काका? जेवला का?” सगळे हसले. मीही हसलो. पण त्याची नजर प्लगवर नव्हती, माझ्या नाकावर होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रितम जवळ येऊन बसला, खांद्यावर हात ठेवला. निळी लवकर बरी झाली तर ठीक, नाहीतर भंगारात देतो, म्हणाला. मग तुमीपन घरी आराम करा, काका. किती प्रेमाने बोलला. मी सुईचं सांगितलं. त्याने मोबाइलवरून डोळे काढले नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण न लिहून कुठे जाणार?

अकरा वाजता वीस-पंचवीस गिऱ्हाइकं आलेली. प्रितमने स्टुलावर तीन बाटल्या मांडल्या, तिन्हींना वर्तमानपत्र गुंडाळलेलं. मोठ्याने सगळ्यांना सांगितलं — हे आमचे बुधाजीकाका, पनवेलचं नाक, वासावरून इंजिनाची कुंडली सांगतात. आणि मला म्हणाला, “काका, कुठल्या बाटलीत काय हाय सांगा. हात मागे.”

हात मागे! म्हणजे बोटाचंही ठाऊक होतं.

हरेश बाजूला उभा. “राहू दे ना शेठ,” म्हणाला. त्या आवाजात दया होती. त्यापेक्षा अंगावर चिखल परवडला असता.

मी वाकलो. पहिली हुंगली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीत नाक जवळजवळ बुडवलं. दोघा-तिघांचे मोबाइल वर. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो — हे ऑइल मिसळलेलं पेट्रोल. प्रितमने तीच बाटली उचलली आणि तोंडाला लावून घटाघटा प्यायला. पाणी होतं.

काय हसले लोक! एक बाई हसता हसता खाली बसली. प्रितम पाणी पिऊन मलाच विचारतो, “काका, घेता का थोडं पेट्रोल?”

माझ्या नाकाचं प्रितमला हरेशनेच सांगितलं. त्याच्याशिवाय तिकडे बघतो कोण.

१० नोव्हेंबर, सोमवार

गेलो नाही. भाकरी गिळवली नाही. रंभाने एका शब्दाने काही विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्रितमने निरोप पाठवला — फाटकापाशी खुर्ची टाकलीय, येणाऱ्याला हेल्मेट द्यायचं, जाणाऱ्याचं घ्यायचं. गेलो. घरी बसून छत किती बघणार?

निळी आता हरेशकडे. तासाभरात त्याने ती पळवून दाखवली! धूर नाही, गुदमरणं नाही. जाता जाता मला म्हणाला, “वासबीस काय घेतला नाय हां, काका.”

दुपारी त्याच्या ट्रेमध्ये डोकावलो. मूळचा जेट — इंजिनाला पेट्रोल सोडणारं भोकाचं पितळी बोंड — पडला होता, एकशे पन्नास नंबरचा. म्हणजे बारीक भोकाचा बसवला असणार. तोडगा असा — सुईतून जास्त पेट्रोल येतंय ना, तर मग पुढचं भोकच लहान करा. रोग तिथेच, वर रोग्याचं तोंड दाबलेलं. गळकी सुई आणि बारीक जेट, दोन खोटी एकमेकांना सांभाळून घेतायत. पळेल अशीही. बरीच पळेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुई आली. इवलीशी, पितळी, रबरी टोकाची. शर्टाच्या खिशात ठेवून दिवसभर हेल्मेटं वाटली.

बसवायची तर जेटही परत मोठा घालावा लागेल, हे कुणालाही कळतं. निदान मला कळतं. नुसतीच सुई बसवली तर पेट्रोल जरुरीपेक्षा कमी पडणार. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे ऑइलही कमी. फुल रेसवर पिस्टन कोरडा पडून तापणार आणि धावत्या गाडीत चिकटणार. मागची चाकं जाम.

हरेशला सांगावं, असं एकदा मनात आलं. तेवढ्यात तो कुणालातरी त्या रविवारची नक्कल करून दाखवत होता — वाकून, नाक बाटलीत घालून. छान करतो नक्कल. माझी मान अशीच थरथरते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी सगळे जेवायला हॉटेलात गेले. वाटीचे स्क्रू चार, आतल्या तरंगत्या फ्लोटची पिन एक. वीस मिनिटं. हात अजिबात कापला नाही.

मी खोटं काहीच केलं नाही. खराब सुई काढली, चांगली बसवली. कुणीही उघडून बघावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दहाला हरेशने निळी काढली, गिऱ्हाइकांना उड्या मारून दाखवायला. पहिल्या फेरीला फाटकासमोरून गेला तेव्हा आवाज बरा होता. दुसऱ्या फेरीला बदलला. किनरा, कोरडा, रिकाम्या डब्यात खडे हलवल्यासारखा. माझं नाक गेलंय, कान नाही. हात वर केला असता तर तो थांबला असता. नुसता हात वर करायचा होता.

मांडीवर हेल्मेट होतं. ते पुसत बसलो.

जाताना त्याने मला सलाम ठोकला.

तिसऱ्या फेरीला फाटकापर्यंत आलाच नाही. उतारावर मागची चाकं जाम झाली, निळी आडवी फिरून उलटली आणि हँडल त्याच्या उजव्या हातावर आलं. लोक धावले. मीही गेलो, माझ्या चालीने. तो ओरडत नव्हता, नुसता हाताकडे बघत होता — तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मनगटाचा चुरा. दोन तास ऑपरेशन चाललं. बोटांच्या नसा तुटल्यात, पाना धरणं आता विसरा, असं डॉक्टर म्हणाल्याचं प्रितमने सांगितलं.

मला वाईट वाटलं का? मनात शोधलं. सापडलं नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रितम स्वतः न्यायला आला. नाक असो नसो, तुमी हवे, म्हणाला. पाया पडला. शेडमध्ये हरेशचं स्टूल आता माझ्याकडे आहे.

निळी उघडली. पिस्टनवर नखाने ओरबाडल्यासारखे चरे. प्रितम बारीक जेटला आणि तो बसवणाऱ्याला शिव्या घालत होता — शोरूमची अक्कल म्हणे. सुई कुणी बघितली नाही. मी मान हलवत राहिलो. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला.

२३ नोव्हेंबर, रविवार

हरेश, हे पान वहीतून फाडून तुला बेलपाड्याला पाठवतोय. फोन तू उचलत नाहीस. माझ्या नाकाचं तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. प्रितमला रंभाने सांगितलं. दिवाळीत आमच्या गॅसची नळी सुटली होती, सगळं घर भरलं होतं आणि मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो म्हणे. त्यानंतर ती माझ्यावर नजर ठेवून होती, बोटाची युक्तीही तिनेच बघितली. पेट्रोलपाशी हा माणूस एक दिवस जळून जाईल, या भीतीने ती प्रितमकडे गेली. आज सकाळी रडत बोलली. तुझ्या जेटवर नवी सुई मी चढवली, काय होणार ते ठाऊक असताना. हे प्रितमला दाखव, पोलिसांना दाखव, तुझी मर्जी. पण मला दोन ओळी लिही. डाव्या हाताने लिही, वेडंवाकडं चालेल. लवकर लिही.