सर्व्हरची भरलेली मेमरी आणि बालवर्गाच्या न पुसलेल्या पाट्या

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
तापीकाठ बालविद्या प्रसारक संस्था,
मध्यवर्ती कार्यालय, धुळे.

अर्जदार : आधार तोताराम सोनवणे, निवृत्त मुख्याध्यापक व मानद शिक्षक, संगणक बालवर्ग.

विषय : बॅकअपच्या वेळी सर्व्हर बंद पडण्याचे खरे कारण कळवणे व संगणक चालक श्री. भाईदास लोटन पाटील यांचा मेमो रद्द करणेबाबत.

संदर्भ : सदर मेमो, दि. ७ एप्रिल १९९७. त्यातील दुसरा परिच्छेद, ज्यात माझे नाव आहे.

महोदय,

हा अर्ज आपल्या टेबलावर गेल्या आठवड्यातच यायला हवा होता. उशीर आजारपणामुळे झालेला नाही, भीतीमुळे झाला आहे. ती कसली, हे योग्य जागी लिहितो.

१. संस्थेच्या सर्व शाळांचे पगार, दाखले व गुण ज्या एका संगणकात साठवलेले असतात, तो आपला सर्व्हर. कार्यालय सुटताना त्यातील सर्व फाईलींची नक्कल नेटवर्कवरून टेपवर घेतली जाते, तोच बॅकअप. मार्चपासून ही नक्कल अर्ध्यावर आली की सर्व्हरची मेमरी भरते आणि सगळ्यांचे पडदे जागच्या जागी थिजतात. एप्रिलच्या सुरुवातीस तो असाच पडला, तेव्हा वार्षिक परीक्षेचे भरलेले गुण गेले. पूर्ण टेप एकही नव्हती. कारकून मंडळी अजून गुण पुन्हा भरत आहेत. १ मे रोजी निकाल लागेल की नाही, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

२. यावर झालेले उपाय आपणांस माहीत आहेत. यंत्र तापते असे ठरल्याने आपल्या दालनातील कूलर सर्व्हरसमोर ठेवण्यात आला व आपण स्वतः, धुळ्याच्या उन्हात, फाईलच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसलात. चपला बाहेर काढण्याचा आदेश निघाला. नाशिकहून मेमरीच्या जादा पट्ट्या आणून बसवल्या. दोन दिवस बरे गेले, मग त्याही भरल्या. शिपाई चिंधा यांनी "साहेब, यंत्रले नजर लागेल शे" असे सांगून लिंबू-मिरची बांधली. मिरच्या वाळून की-बोर्डवर पडल्या, तेव्हा ती काढण्यासाठी वेगळा आदेश निघाला. शेवटी श्री. भाईदास गेम खेळत असावेत, असे ठरले. त्यांच्या संगणकावर गेम सापडला नाही, म्हणून त्यांनी तो पुसला असावा, असेही ठरले.

३. चौकशीच्या दिवशी आपण मला विचारले, "गुरुजी, हा तुमचाच विद्यार्थी ना? लहानपणी कसा होता?" मी हसत म्हणालो, "चांगला होता. फक्त पाटी पुसायला विसरायचा." सगळे हसले. भाईदासही हसला. मायेने बोललेले ते वाक्य मेमोत असे उतरले आहे : "श्री. पाटील यांचा निष्काळजीपणा विद्यार्थिदशेपासूनचा असल्याचे त्यांचे गुरुजी श्री. सोनवणे यांच्या कथनावरून सिद्ध होते." मी हे वाक्य वाचले तेव्हा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. पहिल्या वाचनात होते तेच निघाले.

४. त्यानंतर एका दुपारी आपल्या आदेशाने जेवणाच्या सुट्टीत बॅकअप लावून पाहण्यात आला. कार्यालयातच भरणारा माझा बालवर्ग नुकताच सुटला होता, म्हणून मी तेथेच होतो. पडद्यावर किती मेमरी उरली आहे त्याचा आकडा दिसतो. पगाराच्या फाईली गेल्या, आकडा फारसा हलला नाही. दाखले गेले, तरी नाही. पुढची पाळी बालवर्गाची आली, तसा भाईदास उठून माझ्या व पडद्याच्या मध्ये उभा राहिला. "आबा, तुम्ही घर जा. ऊन वाढी ऱ्हायनं. हाई मन्हं काम शे." पस्तीस वर्षे मुले शिकवली आहेत. मूल पाठीमागे काही लपवते तेव्हा कसे उभे राहते, ते मला कळते. मी बाजूला सरकून पाहिले. आकडा भराभर उतरत होता.

५. कारण साधे आहे. वर्गात समजावतो तसे लिहितो, राग नसावा. एक पोते ज्वारी कोपऱ्यात मावते. पण त्याच ज्वारीच्या चिमूट-चिमूट पुड्या बांधल्या, प्रत्येक पुडीवर नाव लिहिले, तर वजन तेच राहूनही घर पुरत नाही. सर्व्हरला प्रत्येक फाईलचे नाव-गाव मेमरीत धरावे लागते, मग फाईलमध्ये एकच ओळ का असेना. बॅकअप एकेक पुडी मागतो, आणि त्यासाठी एकदा घेतलेली जागा आपला सर्व्हर बंद करून सुरू करेपर्यंत सोडत नाही.

या पुड्या मी बांधल्या. खापराच्या पाटीवरचे सुंदर अक्षर मुलांना पुसायला लावताना मला आयुष्यभर वाईट वाटत आले. संगणक आला तेव्हा वाटले, आता पुसायला नको. मी मुलांना सांगितले, रोज नवी फाईल उघडा, एक ओळ लिहा, आणि काही पुसू नका. "आज आमची म्हैस व्याली." "मामा सुरतहून आला." अशा हजारो पाट्या त्या सर्व्हरमध्ये आहेत. संस्थेचा सर्व्हर मी वर्गातले कपाट समजलो.

६. मी भाईदासला विचारले, तुला माहीत होते तर मेमोला उत्तर का दिले नाहीस? तो म्हणाला, "आबा, तुमनं नाव मी कागदवर कसं लिखू?"

त्याच क्षणी मी आपल्या दालनात यायला हवे होते. मी घरी गेलो. आपण बालवर्ग बंद कराल, ही माझी भीती. सकाळी दारात मुलांच्या चपलांची रांग दिसली की मनात म्हणत असे, उद्या सांगू. त्या दिवसांत भाईदास रोज मला नमस्कार करत होता व मी तो घेत होतो. त्याच्या परिविक्षेचा (प्रोबेशनचा) काळ महिनाअखेर संपतो, आणि मेमो असेल तर तो कायम होत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या दोन्ही बहिणी माहेरी येतील, तेव्हा भाऊ नोकरी गमावून बसलेला असेल, हेही मला ठाऊक होते. ठाऊक असून मी गप्प होतो. याहून जास्त लिहिण्याची माझी हिंमत नाही आणि कमी लिहिण्याचा मला हक्क नाही.

७. काल मुलांना सगळे सांगितले. चौथीतील भारती उठून म्हणाली, "आबा, तुम्हीच सांगेल व्हतं ना, पुसानं नही म्हणीसन!" मी म्हणालो, मी चुकीचे सांगितले होते. गुरुजी असे म्हणतात, हे मुलांना नवीन होते. मग प्रत्येकाने आपली एकेक आवडती ओळ निवडली, त्या सर्व मिळून एकच फाईल केली, आणि बाकीच्या पाट्या मुलांनी आपल्या हातांनी पुसल्या. सर्व्हर बंद करून सुरू केला. सायंकाळी बॅकअप शेवटपर्यंत गेला. टेप भाईदासच्या टेबलावर आहे. कृपया तपासून घ्यावी.

तरी विनंती की, मेमो रद्द करून श्री. भाईदास यांना कायम करावे. दोष माझा असल्याने बालवर्ग माझ्याकडून काढून घ्यावासा वाटल्यास घ्यावा. वर्ग मात्र चालू ठेवावा, भाईदास तो चांगला शिकवील.

आणि मेमोतील माझे ते वाक्य खोडावे. ते खोटे आहे, हे मला काल मुले पुसत असताना आठवले. "मी पाहीपर्यंत कोणी पाटी पुसायची नाही," असा माझ्या वर्गाचा नियम होता. भाईदास मागच्या रांगेत बसायचा. शाळा सुटली तरी तो भरलेली पाटी घेऊन तसाच बसलेला असे. तो पुसायला विसरत नव्हता. मी पाहायला विसरत होतो.

आपल्यापुढे मान खाली घालून,

आधार तोताराम सोनवणे
धुळे, दि. २२ एप्रिल १९९७

सोबत :
१. मेमोची प्रत.
२. बालवर्गाच्या निवडक ओळींची फ्लॉपी. त्यात एकच फाईल आहे. सवडीने वाचावी.