तिसरं डायलिसिस

३ मार्च
दवाखाना गेला! सरकारी पाटी उतरली, कंपनीची चढली. दवाखाने घेत घेत चौथा देश गिळला त्या परदेशी कंपनीनं. आधीच्या तीन देशांचं काय झालं ते मी वाचून बसलोय. इथले लोक नव्या रंगाच्या भिंती बघून खूश!

७ मार्च
वहिनीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्याला तीन डायलिसिस लागतात, कंपनीच्या विम्यात दोनच बसतात. तिसऱ्याचा दर ऐकून दादा खालीच बसला.
आणि आमची ताई! त्याच दवाखान्यात नर्स होती. आता कंपनीच्या परवानगी खात्यात, फोनवर 'नाही' म्हणायच्या नोकरीला. "लाज नाही वाटत?" विचारलं.
"नियम परदेशातून येतात, शिव्या मी खाते. तू पण वाढ, जागा आहे पोटात!"
दादा हसला. तो बोलत नाही, हसतोच.

१५ मार्च
वहिनीचं तिसरं डायलिसिस होतंय! ताई दर वेळी 'तातडीचं' म्हणून पास करते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनी म्हणाली, "भावोजी, पोटात ठेवा."

२१ मार्च
कंपनीविरुद्ध चौकात माझी सभा. काय रंगली! ओघात म्हणून गेलो — "त्या यंत्रात अजून एक माणूस शिल्लक आहे! माझ्या वहिनीचं तिसरं डायलिसिस ती बाई चोरून पास करते, म्हणून वहिनी जिवंत आहे!" टाळ्या थांबेनात. नाव घेतलं नाही मी.
नावाची गरज काय होती?
घरी वहिनी म्हणाली, "छान बोललात. घसा सुकला असेल." डॉक्टरांनी पाणी बांधून दिलंय, स्वतः घोट मोजून पिते. माझ्यापुढे पेला काठोकाठ भरून ठेवला.

२४ मार्च
ताईला काढलं. तिसरं बंद. साहेबांनी तिला माझं भाषण ऐकवलं म्हणे. "आवाज खणखणीत आलाय तुझा," ताई म्हणाली.

२ एप्रिल
वहिनीचे पाय सुजलेत. झोपली की धाप लागते, म्हणून बसून असते. कंपनीच्या दारात उपोषणाला बसतो म्हटलं.
दादा म्हणाला, "बस. तेवढीच घरात शांतता."

९ एप्रिल
वहिनी गेली. छातीत पाणी भरलं. बातमी ऐकली आणि डोक्यात पहिलं वाक्य आलं ते पुढच्या सभेतल्या भाषणाचं. थू!

१० एप्रिल
सगळं उरकल्यावर लोक माझ्याकडे वळले — दोन शब्द बोला. मी घसा साफ केला. दादा मधे आला. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत बोलला.
"त्याचं बोलून झालंय."