कपाटावरचा पॉवर सप्लाय

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त खुर्चीतूनच). तुझा गुडघा कसा आहे? वेळेवर जेवतेस ना? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण नाही.

काका गेल्यावर ‘ने बाबा ते धूड माझ्या डोळ्यांसमोरून’ म्हणत तू त्यांचा कॉम्प्युटर मला दिलास. माझं काम घरांची चित्रं काढायचं, आणि चित्रात जिना आला की हे धूड मान टाकायचं. म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. दुकानदार म्हणाला, याला वीज जास्त लागते, जुना पॉवर सप्लायही बदला. (म्हणजे आतला लोखंडी डबा, भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाढतो. वाढपीच म्हण.) तयार कॉम्प्युटर असल्यामुळे कंपनीने डबा आपल्याच मापाचा बसवलेला, नवा काही केल्या मावेना. शेवटी पत्रा कापला, त्याबरोबर बोटही कापलं, पण यंत्र झकास सुरू झालं. जुना डबा कपाटावर ठेवून दिला, वायर गुंडाळून.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा ओततोय, तर वर घर्रर्र! डब्याचा पंखा फिरत होता. प्लग कुठेच जोडलेला नाही आणि पंखा फिरतोय! माझी पाचावर धारण बसली. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, आत थोडी वीज उरते. उरत असेल बुवा, पण रोज चहाच्याच वेळेला? आणि थांबण्याआधी तो पंखा खाकरतो, मावशी. ते खाकरणं तूही ओळखशील.

काल धीर करून तू विणलेलं कव्हर त्याच्यावर घातलं. (हो, तेच. ज्याच्यामुळे कॉम्प्युटर तापून बंद पडला, काकांचा जिंकत आलेला पत्त्यांचा डाव गेला आणि तुमचा अबोला सुरू झाला.) घातलं मात्र, टेबलावरचं यंत्र बंद! काढलं, चालू. पुन्हा घातलं, बंद. तिसऱ्यांदा घालायची माझी छाती झाली नाही. ‘काका, पुरे आता’ म्हणालो, तर पंखा आणखी जोरात फिरला. भीती वाटते गं, आणि खरं सांगू, रडूही येतं.

बाकी काळजी नसावी.

तुझा भाचा

ता. क. डबा भंगारवाल्याला द्यायला दाराशी नेला. त्याने हातात घेतला, ‘गरम आहे हा’ म्हणाला, खाली ठेवला आणि तडक जिना उतरून गेला. तराजू इथेच विसरलाय.

आणखी एक ता. क. अबोला मोडायच्या आतच काका गेले. शेवटपर्यंत ते मला म्हणायचे, ‘तुझ्या मावशीला सांग, चहा छान झालाय.’ आणि तू म्हणायचीस, ‘त्यांना सांग, माहितीये मला.’ मी आपला मधे उभा. तेव्हा एकदा दुपारची ये. कव्हर मी लपवून ठेवतो, चहा करतो, कप दोनच मांडतो आणि बाहेर जिन्यात जाऊन बसतो. माझ्याच्याने आता निरोप पोचवणं होत नाही, मावशी. तुमचं तुम्ही बोला.