‘येतो’ म्हणजे काय

३ तारीख

पोचलो एकदाचा. या वर्षातली चौथी नोकरी, आणि ही टिकवायचीच असं दादाला कबूल करून बसलोय. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, नौदलाचा वैमानिक. त्याच्याच वशिल्याने चिकटलो. लढाई चालू असली की लिहितावाचता येणारा कुणीही चालतो म्हणे.

विमानतळ समुद्राला लागून. धावपट्टी एक, मालक दोन: नौदल आणि हवाईदल. दोघांचे साहेब एकाच खोलीत, लांब टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून चहा पितात. मी त्यांना दर्यासाहेब आणि वारासाहेब अशी नावं ठेवलीत. मनातल्या मनात.

माझं काम फळ्याचं. दोन रकाने, ‘जाणारे’ आणि ‘येणारे’. रेडिओवाली ऐकते, सांगते, मी खडूने लिहितो. ‘येणारे’त लिहिलं की खालचे लोक धावपट्टी मोकळी करतात. रेडिओवाली माझ्याच वयाची आहे. डाव्या गालावर शाईचा डाग, ‘पूस’ म्हणून सांगावंसं वाटतं. पण ते राहू दे.

६ तारीख

आज भांडण एका शब्दावरून. वारासाहेबांनी नियम काढला: उडताना ‘निघतो’ म्हणायचं, परतताना ‘उतरतो’. दर्यासाहेब म्हणाले, आमची पोरं तुमची भाषा बोलणार नाहीत. समुद्रावर निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मग परतताना काय म्हणतो, असं वारासाहेबांनी विचारलं. तर म्हणे, तेव्हाही ‘येतो’च, खरोखरच येत असतो ना.

म्हणजे नौदलवाला येतोय की जातोय ते मी इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. ओळखतो. कान तयार झालाय.

९ तारीख

दादाने शत्रूचं जहाज बुडवलं. हवाईदल म्हणतं, ते आधीच आमच्या बाँबने कलंडलं होतं. दोन जावा एका चुलीवरून भांडाव्यात तसे दोन्ही साहेब दिवसभर भांडत होते. मला काही त्या जहाजाचं सोयरसुतक नव्हतं. दादाने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, “हे आमचं शेंडेफळ. कुठे टिकत नाही, म्हणून माझ्या नजरेसमोर आणून ठेवलंय.”

सगळे हसले. रेडिओवाली सगळ्यात जास्त. तिच्या गालावर डाग नव्हता आज. तो काल दादाने दाखवला म्हणे.

१२ तारीख

धुकं. तीन वाजता दादा उडाला, तेव्हा रेडिओत नुसती खरखर, त्याचा जातानाचा ‘येतो’ ऐकूच आला नाही. दहा मिनिटांनी त्याचा आवाज आला, “येतो.” त्याच क्षणी हवाईदलाचं एक विमानही उतरायला मागत होतं. रेडिओवालीने माझ्याकडे बघितलं, की दादा आत्ता निघतोय की परत फिरलाय. मी ‘जाणारे’त लिहिलं. धावपट्टी हवाईदलाला मिळाली.

दादाचं इंजिन बिघडलं होतं. परतत होता. समुद्रात गेला.

धुक्यात आवाज कळत नाही. कुणालाच कळला नसता.

१३ तारीख

वारासाहेब म्हणतात, नियम पाळला असता तर. दर्यासाहेब म्हणतात, तुमचा माणूस दोन मिनिटं थांबला असता तर. मला कुणी काही विचारलं नाही. शोधनौका रिकामी आली.

१४ तारीख

तीन दहा. रेडिओवर “येतो.”

रेडिओवाली उठून उभी राहिली. अंतर दाखवणाऱ्या काट्यावर वीस मैल. मी ‘जाणारे’त लिहिलं. आवाज थांबला.

१५ तारीख

पुन्हा. बारा मैल. आज दोन्ही साहेबांनी ऐकलं. दर्यासाहेब रडले, कुण्या बेटावर उतरला असेल म्हणाले. मी म्हटलं, त्याच्याकडे तीन तासांचं इंधन होतं, आज तिसरा दिवस. कुणी ऐकलं नाही.

मी पुन्हा ‘जाणारे’त लिहायला खडू उचलला, तर यापुढे या विमानापुरतं फळ्याला हात लावायचा नाही, अशी मला ताकीद.

१६ तारीख

पाच मैल.

साहेब दोघं एकाच खिडकीत, खांद्याला खांदा. एकच दुर्बीण, आळीपाळीने. दोन्ही दलांची पोरं मिळून धावपट्टी झाडतायत. रेडिओवालीने केस नीट विंचरलेत — अजूनही — मेल्यावरसुद्धा त्याच्यासाठीच —

१७ तारीख

उतरलं. दिवसाढवळ्या. सगळे खाली धावले. ‘येणारे’त तिनेच लिहिलं.

मी वरून बघतोय. विमानाची काच उघडली. आत कुणी नाही. पाणी वाहतंय, नुसतं पाणी, थांबतच नाही. आता एकेक जण वर बघतोय. माझ्या खिडकीकडे नाही. जिन्याकडे.

पाणी दाराखालून —

दादा, खरं लिहितो. मी आवाज ओळखला होता. इंजिन जवळ येतंय, अडखळतंय, सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तुझं नाव घेताना तिचा चेहरा असा — मी म्हटलं, एकदा तरी — एकदा तरी याला माझ्यामुळे ताटकळू दे —

दादा, थांब ना. एवढी एक ओळ. मला फक्त तुला दोन मिनिटं उशीर व्हायला हवा होता, मला वाटलं नव्हतं की तू —